बॅटरीचा वांक

सातव्या माळेच्या रात्री साडेबारा वाजता, गरब्याच्या मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये, बायकोने चणियाचोळीचा घेर एका हातात गोळा केला आणि दुसऱ्या हाताने माझ्या मोटरसायकलला धक्का मारला. मी वर बसलेलो, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. आजूबाजूला शेकडो दुचाक्या एका बोटात चालू होऊन निघत होत्या. आमचीचं बटण दाबलं की फक्त 'टक' व्हायचं आणि काट्यांमागचा दिवा पेंगुळल्यासारखा मंद व्हायचा. किक मारून मारून पोटरी भरून आलेली. तिसऱ्या धक्क्याला गाडी लागली. घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. दारात ऑक्सिडाइजच्या बांगड्या उतरवताना म्हणाली, "उद्या बॅटरी बदल."

बदलली. दुकानदाराने जुनी तपासलीसुद्धा नाही, आणि मीही तपासा म्हटलं नाही. सहा वर्षं झालेली बॅटरी म्हणजे म्हातारीच, असं दोघांनीही गृहीत धरलं. जुनी परत दिली की थोडे पैसे कमी होतात, ते झाले. नव्या बॅटरीवर सेल्फ असा लागला की मला माझंच कौतुक वाटलं. ऑक्टोबर २०२४ ची ही गोष्ट.

आमच्या घरात एक शब्द आहे, वांक. शब्द गुजराती, अर्थ दोष, चूक. पण आम्ही तो मराठीच समजतो. आजी म्हणायची, "दुधाचा वांक नाही, पातेलं नीट घासलं नव्हतं." पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांना हा शब्द कळत नाही, मग आम्ही त्यांच्यासाठी 'दोष' म्हणतो, पण दोष म्हटलं की गोष्ट एकदम पत्रिकेत जाऊन बसते. वांक साधा असतो, रोजच्या वापरातला. तर पुढचे चार महिने मी दुधालाच वांक देत बसलो होतो.

जानेवारी आला. बडोद्याची थंडी ती काय, स्वेटर कपाटातून काढेपर्यंत संपते. पण उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात सकाळी पुन्हा तेच: टक. पतंगाच्या दोरीने गळा कापू नये म्हणून हँडलवर तारेची कमान लावून गाडी तयार ठेवलेली, आणि गाडी जागची हलेना. तीन महिन्यांची बॅटरी! मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदाराने ती रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी मशीन लावून कागद दाखवला: बॅटरी ओके. मी ती बसवली, दहा-बारा दिवस ठीक, मग परत मंद. पुन्हा दुकान, पुन्हा चार्जिंग, पुन्हा ओके. तो खोटं बोलतोय अशी माझी खात्री होती. आज कळतं की त्याचा कागद खरा होता. मी मात्र चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

शेवटी रावपुऱ्यातल्या एका दुकानातून स्वस्तातला डिजिटल मल्टीमीटर आणला. मी बँकेतला माणूस, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की ढिला होतो हे अजूनही क्षणभर थांबून आठवावं लागतं. आजोबा मात्र कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली हाताचं काम शिकवायला काढलेलं ते कलाभवन, दादासाहेब फाळकेही तिथून शिकून गेले. आजोबांचा रेडिओ, पंखा, इस्त्री यांतलं काहीही कधी दुरुस्तीला बाहेर गेलं नाही. त्यांचं लाकडी मुठीचं सोल्डरिंग आयर्न अजून माळ्यावर आहे. त्यांच्या नातवाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा मीटर हातात धरला, आणि त्याची लाल वायर कुठल्या भोकात घालायची हे मुलाला विचारलं.

पहिली गोष्ट शिकलो ती आकड्यांची. शिशाच्या बॅटरीत सहा खण, प्रत्येक खण साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा जरा वर. इथवर शाळेतलं. नवीन होतं ते हे, की अर्धी संपलेली बॅटरी ६ व्होल्ट नाही, १२.२ दाखवते. आणि ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली आणि रिकामी यांच्यात पुरता एक व्होल्टही नाही! १२ दिसलं की सामान्य माणूस म्हणतो, बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा दाखवतेय, झालं. खरं तर ती शेवटचे श्वास मोजत असते. शिवाय गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर १३ च्या आसपासचा फुगवलेला आकडा दाखवतो. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चावी न लावता मोजायचं, तो खरा आकडा. माझा आला १२.०५.

फ्रान्समध्ये गास्तों प्लाँतेने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले, आणि आज माझ्या सीटखाली तोच प्रकार आहे. पत्रे सपाट झाले, त्यांवर लेप आला, आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत जिरलं, पण तत्त्व तेच. या बॅटरीचा स्वभावही तसाच जुना: अर्धपोटी ठेवलेली तिला सोसत नाही. बराच काळ कमी भरलेली राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, आणि मग भरायला गेलं तरी ती पूर्ण भरत नाही. म्हणजे मी जितके दिवस दुकानाच्या फेऱ्या मारत होतो, तितके दिवस नव्या बॅटरीचं आयुष्य आतून खडे होऊन चाललं होतं.

मग मुलाने एक संशयित शोधला. हँडलवर मोबाइल चार्ज करायला मी एक यूएसबी सॉकेट बसवून घेतलं होतं. त्याचा निळा दिवा चोवीस तास जळत असे, कारण बसवणाऱ्याने वायर थेट बॅटरीला जोडलेली. गाडी बंद असताना किती करंट गळतो हे मोजायचं तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर मधोमध लावायचा. ते केलं, मिलिअँपिअरच्या भोकात वायर घालून, आणि सवयीने चावी फिरवली. मीटरच्या पोटातला फ्यूज गेला. मुलगा इतका हसला की आई आतून काय झालं म्हणून बाहेर आली. नवा फ्यूज घालून, या वेळी आधी १० अँपिअरच्या रेंजवर लावून मोजलं, मग खाली आणलं: १२ मिलिअँपिअर. दिसायला काहीच नाही. पण दिवसाचे २४ तास धरले की ०.२९ अँपिअर-अवर, आठवड्याला २. माझी बॅटरी ८ अँपिअर-अवरची. गाडी दोन आठवडे नुसती उभी राहिली तर अर्धी बॅटरी त्या निळ्या दिव्याच्या पोटात! वायर चावीच्या पलीकडे घेतली. गळती १ मिलिअँपिअरवर आली. चोर पकडल्याच्या आनंदात त्या रात्री आम्ही शेव-उसळ खाऊन आलो, त्याच गाडीवरून.

नऊ दिवसांनी पुन्हा टक.

खरा चोर सापडला नाही याचं दुःख एकवेळ सोसतं. पण भुरट्या चोराला पकडून आपण फटाके उडवले याची लाज जास्त वाटते. मी गाडी ढकलत पाणीगेटजवळच्या एका गल्लीतल्या चाचांच्या गॅरेजवर नेली. चाचा सत्तरीचे, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली, मीटरचे आकडेही ऐकून घेतले, आणि बॅटरीकडे न बघताच म्हणाले, "बेटरीनो वांक नथी, भाई. एने कोई खावानुं नथी आपतुं." बॅटरीची चूक नाही, तिला कुणी खायलाच देत नाही.

वांक! मला आजीच आठवली.

चाचांनी गाडी चालू करायला लावली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ५ हजारांवर धरायला सांगितला, आणि माझ्याच मीटरचे दोन टोक बॅटरीवर टेकवले. इतके दिवस मी बॅटरी मोजत होतो ती झोपलेली. चालत्या इंजिनावर तिला काय मिळतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. तिथे १३.५ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर गेलं तर जास्तीचं आवरणारा रेग्युलेटर गेलेला, बॅटरी उकळायला लागते. १३ च्या खाली राहिलं तर उपासमार. माझा आकडा १२.८. रेस सोडली, इंजिन संथ झालं, तशी १२.३.

आता हिशेब बसायला लागला. माझी गाडी २०१८ ची. एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाइट बंदच करता येत नाही, कायम चालू. (त्या सुरुवातीच्या दिवसांत रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस बोटांची चोच उघडमीट करून 'लाइट चालू आहे' असं सांगायचा, हात हलवून हलवून मी थकलो होतो.) ३५ वॅटचा दिवा म्हणजे सुमारे ३ अँपिअर. घरापासून बँक वीस मिनिटं, त्यातली निम्मी सिग्नलवर आणि बडोद्यातल्या काळाघोड्याच्या गर्दीत. इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून पुरेसं येत नसेल तर हा खर्च बॅटरीतूनच व्हायचा. रोज थोडं वजा, थोडं वजा. नवी बॅटरी म्हणजे फक्त नवं भांडवल. ते दहा-बारा दिवसांत खाऊन व्हायचं. बाबांच्या चेतकला हा प्रश्नच नव्हता. तिला बॅटरीच नव्हती. रेस दिली की दिवा उजळायचा, सोडली की मिणमिणायचा, हॉर्न तर घशात घुंगुरटं अडकल्यासारखा. तिचं दिवाळं कधीच निघालं नाही, कारण तिच्याकडे शिल्लकच नव्हती.

चाचांनी बाजूचं पॅनल काढलं. इंजिनाच्या डाव्या झाकणाआड मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असलेली कॉइल प्लेट स्थिर असते. तिथून तीन पिवळ्या वायरी वर येतात. त्यांतला करंट उलटसुलट, एसी. बॅटरीला लागतो एका दिशेचा. तो सरळ करायचं आणि जास्तीचा आवरून धरायचं काम आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटचं, ॲल्युमिनियमच्या पंखांचा तो ठोकळा. हा ठोकळा जास्तीचं कॉइलमध्येच शॉर्ट करून जिरवतो, त्यात तापतो, म्हणून त्याला वारा लागेल अशा जागी बसवतात. मी हे सगळं आता शहाण्यासारखं लिहितोय. त्या दिवशी चाचा बोलत होते आणि मी नुसतं हं हं करत होतो.

त्यांनी पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा तुकडा, सोडवला आणि मीटर एसीवर घेतला. इंजिन ५ हजारांवर, वायरी दोन-दोन करून मोजल्या: ५८, ५९, ५८. तिन्ही जोड्या सारख्या. प्रत्येक वायर आणि इंजिनाची बॉडी यांच्यात कसलाही जोड लागत नाही, म्हणजे कॉइल जळलेली नाही. "मग आरआर गेला?" मी विचारलं. चाचांनी उत्तर न देता सोडवलेला कपलर माझ्या हातात ठेवला.

पांढऱ्या प्लास्टिकचा, आगपेटीच्या निम्म्या आकाराचा. तीन खिडक्या. दोन ठीक. तिसरीच्या कडा तपकिरी, साखर करपल्यासारख्या, आणि प्लास्टिक वितळून आतल्या पिनेवर ओघळलेलं. पिनेच्या बुडाशी तांब्याचा हिरवा जंग, आणि खिडकीच्या कोपऱ्यात करड्या रंगाची बारीक भुकटी. मी नखाने कोरली. पावडरीसारखी मऊ. नाकाशी नेली. कोरडी होती, तरी तो वास मी ओळखला.

ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची समा भागातली सोसायटी पहिल्या दिवशीच पाण्यात गेली. पार्किंगमध्ये गाड्यांचे फक्त आरसे दिसत होते. आई गॅलरीतून टॉर्चच्या झोतात मगर शोधत होती, आणि यात गंमत काही नव्हती, त्या दिवसांत लोकांच्या अंगणातून मगरी उचलून नेल्या जात होत्या. पाणी ओसरल्यावर गाळ राहिला. काळपट, लोण्यासारखा, फडक्याने पुसला की आणखी पसरणारा. ७ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हाही जिन्याला तो वास होता. उदबत्तीच्या खाली, मोदकाच्या खाली, तोच.

पुरातून निघालेली गाडी चालू करून बघायची नसते. इंजिनात पाणी असेल तर पिस्टनवर बेततं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवायचं (नेहमी निगेटिव्ह आधी, आणि जोडताना शेवटी, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी), मग ऑइल काढायचं, प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर. हे सगळं गावातल्या एका गॅरेजने माझ्या गाडीचं केलं होतं. त्यांच्या दारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली, पोरं रात्री अकरापर्यंत हात काळे करत होती. प्रत्येक कपलर उघडून धुवायला आणि वाळवायला त्या आठवड्यात बडोद्यात कुणाला वेळ होता? मी तर गाडी चालू झाली हेच नशीब समजलो होतो.

त्या एका खिडकीत चिमूटभर गाळ राहिला. गाळाने ओल धरली. ओलीने पिनेवर जंग आला. जंग म्हणजे करंटला अडथळा, आणि अडथळ्यातून करंट रेटला की उष्णता. आधी हे मला पटेना, कारण मीटरवर ती पिन जोडलेलीच दाखवत होती. चाचांनी समजावलं ते मराठीत सांगतो: मीटर पाठवतो तो करंट मुंगीएवढा, त्याला कुठल्याही फटीतून वाट मिळते, हत्तीला मिळत नाही. घरी येऊन मी कागदावर मांडलं. अडथळा समजा अर्धा ओहम, करंट ८ अँपिअर: आठ गुणिले आठ गुणिले अर्धा, ३२ वॅट. आजोबांचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. म्हणजे सीटखाली, त्या इवल्याशा खिडकीत, मी रोज एक सोल्डरिंग आयर्न पेटवून बँकेत जात होतो. त्याने पिन आणखी ढिली, आणखी काळी. शेवटी तीनपैकी एक वायर नावापुरती उरली. उरलेल्या दोन वायरींमधून येणारं हेडलाइटलाच पुरत नव्हतं.

दुरुस्ती म्हणाल तर पाऊण तासाची. करपलेला भाग कापला, तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे सोलली, नव्या पिना, नवा कपलर. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, घरी आजोबांचं आयर्न आहे, सोल्डरचा डाग देऊ या का? चाचांनी मान हलवली. डाग दिलेली वायर कडक होते, आणि इंजिनाच्या थरथरीने डाग संपतो नेमक्या त्या रेषेवर तुटते. त्यापेक्षा पक्कडीने नीट दाबलेली पिन बरी. आजोबा असते तर वाद घातला असता. मी घातला नाही. बॉडी अर्थचा बोल्टही त्यांनी सोडवला, गंजलेला निघाला, पॉलिश पेपरने घासून परत आवळला. मग गाडी चालू. काटा ५ हजारांवर. मीटर मी धरला, माझ्याच हातांनी: १३.६, १३.९, १४.२. तिथे येऊन आकडा थांबला. रेस वाढवली तरी १४.२. इतका शहाणा आकडा मी बँकेच्या कुठल्याही ताळेबंदात पाहिलेला नाही.

चाचांनी किती पैसे घेतले ते सांगत नाही. ऐकून तुम्हाला त्यांचाच राग येईल. एक गोष्ट मात्र तेव्हापासून टोचते. नवरात्रात दुकानात देऊन टाकलेली ती सहा वर्षांची बॅटरी कदाचित अजून वर्षभर चालली असती. तिला कुणी खायला दिलं असतं तर.

गेल्या रविवारी समोरच्या ब्लॉकमधल्या बेन भाजीची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये उभ्या होत्या. स्कूटर लागत नव्हती. त्यांनी सांगितलं, दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, मागच्या दिवाळीतच बदललीय. मी वर जाऊन मीटर घेऊन आलो. चावी काढून घेतली, टोकं टेकवली: १२.१.

"पहेलां कपलर खोलीए," मी म्हटलं.

त्यांनी फोनचा टॉर्च धरला. पॅनलचे स्क्रू काढायला मला बराच वेळ लागला, एक खाली पडून घरंगळला, तो त्यांनीच शोधून दिला. पिवळ्या वायरींचा कपलर घट्ट बसला होता. दोन्ही हातांनी ओढला तसा सुटला, आणि त्यांच्या पुढे केलेल्या तळहातावर करडी भुकटी सांडली. त्यांनी ती अंगठ्याने चोळली, वास घेतला.

"अरे," त्या म्हणाल्या, "आ तो आपणी विश्वामित्री."